जहाजमालक पॉल कफी



अमेरिकेच्या आरंभीच्या सागरी व्यापारातील धनिक म्हटले की सेलम, बॉस्टन येथील गोरे व्यापारी आठवतात. आज आम्ही एका वेगळ्या जहाजमालकाविषयी बोलणार आहोत. त्यांचे नाव पॉल कफी.

१७५९ साली मॅसॅच्युसेट्सजवळील कटीहंक बेटावर त्यांचा जन्म झाला. वडील कोफी हे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले व पुढे मुक्त झालेले. आई रूथ वाम्पानोआग या मूळनिवासी जमातीची. पॉल यांनी मालकाचे स्लोकम हे आडनाव टाकून वडिलांचे नाव आडनाव म्हणून लावले. शाळा त्यांना लाभली नाही. कोवळ्या वयात ते देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर गेले आणि नौकानयन शिकले.

१७८० साली त्यांनी व भाऊ जॉन यांनी इतरांसह सरकारकडे अर्ज केला. आम्हांस मताचा अधिकार नाही, मग कर कशासाठी? याच प्रश्नावरून वसाहती इंग्लंडशी लढत होत्या. तरीही अर्ज मान्य झाला नाही. उलट कर न भरल्याबद्दल दोघा भावांना अटक झाली.

पुढे लहान होडीपासून त्यांनी व्यापार वाढवला. स्वतःची जहाजे बांधली. एकदा मेरीलँडमधील व्हिएन्ना बंदरात कप्तानासह सारे खलाशी काळे पाहून गोरे घाबरले. पण कागदपत्रे चोख होती. कफींनी शांतपणे व्यवहार पुरा केला व मका भरून परतले.

वेस्टपोर्ट गावात शाळेवरून लोकांचे एकमत होईना. तेव्हा त्यांनी स्वतःच्या जागेवर, स्वखर्चाने शाळा बांधून ती सर्व मुलांना खुली केली.

गुलामांच्या व्यापाराऐवजी आफ्रिकेशी मालाचा व्यापार व्हावा, म्हणून १८११ मध्ये ते 'ट्रॅव्हलर' जहाजाने सिएरा लिओनला गेले. १८१२ मध्ये परतताच ते जहाज जप्त झाले. त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांची भेट घेऊन ते सोडवले. १८१५ च्या डिसेंबरात ३८ कृष्णवर्णीयांना घेऊन ते पुन्हा निघाले. खर्च बहुतांशी स्वतःचाच.

येथे एक प्रश्न उरतो. मुक्त काळ्यांना देशाबाहेर धाडू पाहणारे गोरेही स्थलांतराची भाषा बोलू लागले. १८१७ च्या जानेवारीत फिलाडेल्फियाच्या काळ्या नागरिकांनी सभा भरवून ती योजना ठाम नाकारली. हा देश आमच्याही श्रमाने उभा राहिला, ही त्यांची भूमिका होती. त्याच सप्टेंबरात कफी वारले. त्यांचा हेतू निर्मळ होता. पण जावे की राहावे, हे ज्याचे त्याने ठरवावे, असे आम्हांस वाटते.

बँकेत आम्ही रोज शिल्लक मांडतो. कफींची शिल्लक त्या शाळेत आहे, १७८० च्या त्या अर्जातही आहे. विद्यार्थ्यांनी तेवढी जमा आपल्या खाती घ्यावी.