वजनकाट्याचे देणे

(आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त हिमायतनगर येथे दिलेले भाषण)



आम्ही पेशाने शिक्षक; घरी दखनी बोलतो आणि शाळेत मराठी शिकवतो. आरोग्यावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु ज्यांचे आरोग्य मोजले जाते ती मुले रोज आमच्यासमोर बसतात, तेवढ्या नात्याने बोलतो.

तारनाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था आपणांस ठाऊक आहेच. १९५८ साली ती कुन्नूरहून हैदराबादेस आली. १९८७ ते १९९० या काळात तिने शहराजवळच्या २९ खेड्यांत एक अभ्यास केला. त्यांपैकी १५ गावांत सरकारी बालविकास योजनेतून गरोदर स्त्रियांना आणि सहा वर्षांखालील मुलांना मका-सोयाबीनच्या पिठाचा उपमा मिळत असे. उरलेल्या १४ गावांत ती योजना अद्याप पोहोचली नव्हती. पुढे २००३ ते २००५ मध्ये, ब्रिटनमधील विद्यापीठांच्या संशोधकांना बरोबर घेऊन, त्या वेळी जन्मलेली मुले पुन्हा शोधली गेली. ती आता तेरा ते अठरा वर्षांची झाली होती. उपम्याच्या गावांतील मुले सरासरीने १४ मिलिमीटर अधिक उंच भरली. पुढे मधुमेह व हृदयविकाराकडे नेणारी लक्षणेही त्यांच्यात कमी आढळली. गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, म्हणून निष्कर्ष जपूनच घ्यावा. तरीही आईच्या पोटात असताना पोहोचलेला घास इतक्या वर्षांनी रक्तात दिसावा, याचे नवल वाटते.

आणि ती चौदा गावे? त्यांना कोणी मुद्दाम वंचित ठेवले नव्हते. पण या ज्ञानात त्यांच्या रिकाम्या ताटांचाही वाटा आहे, हे विसरता येत नाही.

आमचाही एक अनुभव सांगतो. एका शाळेत आम्ही असताना बाहेरून मंडळी आली, मुलांची वजने-उंची घेऊन गेली. महिन्याभराने एका आईने फाटकाशी अडवून विचारले, "मास्टर साब, हमारे बच्चे का क्या निकला?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्हीही ते कधी मागितले नव्हते, हा दोष आमचाच.

म्हणून ट्रस्टकडे एवढेच मागणे. एक चांगला वजनकाटा आणि उंची मोजण्याची पट्टी घेऊन द्यावी. दर जूनमध्ये मोजमाप आम्ही शिक्षक करू. आकडे संस्थेच्या तज्ज्ञांना दाखवू. आणि त्यांचे म्हणणे दखनी, तेलुगू, मराठी, ज्या घरात जी भाषा असेल तीत, आईच्या हाती लिहून देऊ. काट्यावर पहिले आम्हीच उभे राहू. मुलांना तेवढीच करमणूक.