घरामागे रिमोटची गाडी : जागा किती लागते?

मागच्या भागात मी जाता जाता म्हटलं होतं की घरामागे मी रिमोटच्या गाड्या चालवतो. त्यावर सगळ्यांत जास्त आलेला प्रश्न एकच. जागा किती लागते? कोणाकडे फक्त पार्किंग आहे, कोणाकडे घरामागे गुंठाभर जागा आहे पण झाडं आहेत. म्हणून आजचा अख्खा भाग त्याच प्रश्नावर.

उत्तर शेवटपर्यंत लांबवत नाही, आत्ताच सांगतो. तुमच्याकडे आहे तेवढी जागा पुरते, फक्त गाडी त्या जागेची हवी. एवढी साधी गोष्ट कळायला माझी एक गाडी गेली, एक बॅटरी गेली आणि घरच्यांचा विश्वास जाता जाता राहिला. ते कसं झालं, ते सांगतो.

आमचं घर कुडाळजवळच्या एका गावात. पुढे खळं, मागे मागीलदार. चिऱ्याचं घर, वर कौलं. मागीलदारी चार माड, एक फणस, पाण्याचा हौद, धुण्याची दगडी, आईची मिरची, वाल आणि अळू. तिन्ही बाजूंनी चिऱ्यांचा गडगा. लांबी साधारण १४ मीटर, रुंदी ८ मीटर. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

मी धंद्याने वायरमन. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या कामाचे पैसे एकदम हातात आले आणि मी लहानपणापासूनची हौस भागवली. १/१० मापाची, ब्रशलेस मोटरची, उड्या मारणारी ट्रक घेतली. व्हिडिओत ती मोकळ्या माळावर धुरळा उडवत जायची. खोक्यावर वेग लिहिलेला होता, पण आपला परस किती मीटरचा आहे याचा हिशोब मी केला नव्हता. आता करू या.

ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. माझं मागीलदार १४ मीटर. म्हणजे पूर्ण वेगात गाडी सव्वा सेकंदात हौदापासून गडग्यापर्यंत. समोर काही दिसल्यावर आपलं बोट ट्रिगरवर हलेपर्यंत पाव सेकंद तरी जातो, तेवढ्यात ती जवळजवळ तीन मीटर पुढे गेलेली असते. आता सांगा, हिला चालवणार कोण? मी फक्त सोडत होतो. थांबवायचं काम गडगा करत होता.

पहिल्या आठवड्यात मिरचीची सात रोपं मोडली. खुराड्यातल्या कोंबड्या गडग्यावर जाऊन बसल्या. आई मागच्या दारात उभी राहून म्हणाली, "ही गाडी आसा की पिसाळलेलो रेडो?" मी हसलो. त्या वेळी हसायला नको होतं.

दहाव्या की अकराव्या दिवशी गाडी हौदाच्या कोपऱ्यावर आपटली. पुढचा आर्म तुटला, तो मी बदलला. बॅटरीच्या एका कडेला पोचा आला होता. तो मी पाहिला, बोटाने दाबून पाहिला आणि सोडून दिला. दोन दिवसांनी बॅटरी जरा फुगल्यासारखी वाटली. तेही सोडून दिलं. नवी बॅटरी मागवायची तर पैसे, शिवाय आठवडाभर वाट बघायची.

त्या रात्री ती मी पडवीत चार्जिंगला लावली. खाली लाकडी पाट, बाजूला चुलीसाठी सुकवलेल्या नारळाच्या सोडणांची रास, वर वासे आणि कौलं. बॅलन्सची बारकी वायर जोडायचा कंटाळा केला. आणि आत येऊन टीव्ही बघत बसलो.

वास पहिल्यांदा आईला आला. नेलपॉलिशसारखा गोडसर वास. "कायतरी जळता रे." मी बाहेर येईपर्यंत फुस्स आवाज झाला आणि पडवी पांढऱ्या धुराने भरली. मग ज्वाळा. दिवाळीतला पाऊस पेटतो ना, तशी जोरात, एका दिशेला. बाबांनी सोडणांची रास पायाने अंगणात ढकलली. मी मेन स्विच पाडला आणि बांधकामातली उरलेली वाळू घमेल्याने ओतत राहिलो. पाच-सात मिनिटांत विझलं. पाट जळला, भिंत काळी झाली, एका वाशाला झळ बसली. माणसं सगळी धड होती.

बाबा ओरडले नाहीत. सगळं शांत झाल्यावर एवढंच म्हणाले, "लोकांच्या घराची वायरिंग करतंस आणि आपल्या घराक आग लावतंस?"

मंडळी, ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्याच्या घरात सैल पिन दिसली तरी मी मालकाला दहा मिनिटं ऐकवतो. आणि इथे पोचा आलेली, फुगलेली बॅटरी डोळ्यांनी बघून मी चार्जरला लावली होती.

ट्रक माळ्यावर गेली. पुढचे सहा महिने घरात त्या विषयावर बोलणं नाही. मे महिन्यात डोंबिवलीहून बहीण आणि भाचा आले. भाचा बारा वर्षांचा. त्याने माळ्यावरची गाडी शोधून काढली. मी नाही म्हटलं. तो हट्ट करायला आजीकडे गेला. आणि आईने, जिची सात रोपं मोडली होती तिने, अटी घातल्या. चार्जिंग घरात नाही. मिरचीच्या वाफ्यात चाक नाही. आणि रेड्यासारखी पळणारी गाडी नाही.

तिसऱ्या अटीने मला विचार करायला लावलं. हळू चालणारी गाडी असते का? असते, आणि तिची वेगळी जातच आहे. तिला क्रॉलर म्हणतात. ट्रक मी विकली आणि त्या पैशांत १/१० मापाचा क्रॉलर घेतला.

आता जरा तांत्रिक. नेहमीच्या गाडीत डिफरन्शियल असतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरता यावं म्हणून ते असतं. पण चिखलात रुतलेली जीप आठवा. एक चाक जागच्या जागी गरागरा फिरतं आणि दुसरं हलतच नाही. क्रॉलरमध्ये पुढचं आणि मागचं, दोन्ही डिफरन्शियल लॉक केलेली असतात. एक चाक हवेत लटकलं तरी जमिनीवरचं चाक तेवढंच फिरतं आणि गाडीला ओढून नेतं. किंमत एवढीच की गाडी मोठा वळसा घेऊन वळते. गिअर खूप खालचे, म्हणून वेग कमी आणि ओढ जास्त. टायर मऊ, आत फोम. ट्रिगर सोडला की बरेच क्रॉलर उतारावरही जागच्या जागी थांबतात, कारण मोटरच ब्रेक धरून ठेवते. वजन खाली आणि पुढच्या बाजूला ठेवलं की चढ चांगला चढतात, म्हणून बॅटरीही शक्यतो पुढे बसवतात.

वेग माझ्या चालण्याएवढा. सेकंदाला एक मीटर, तोही सपाटीवर. दगडांवर तर एक हात अंतर काटायला कधी कधी मिनिट लागतं. आणि तेच १४ मीटरचं मागीलदार, जे ट्रकला सव्वा सेकंद पुरायचं, तिथे आता आमचा अर्धा तास जातो.

भाच्याने आणि मी मिळून वाट आखली. हौदाजवळून सुरुवात. मग माडाचं आळं. आळ्यात उतरणं सोपं, बाहेर पडणं अवघड. मग पडलेल्या माडाचं खोड, त्यावर चढायला दोन चिरे तिरके लावलेले. फणसाच्या वर आलेल्या मुळ्या, त्या तर फुकटात मिळालेला घाट. शेवटी फुटक्या कौलांची रास. जागोजागी बांबूच्या दोन-दोन कामट्या रोवल्या, मध्ये गाडीपेक्षा चार बोटं जास्त जागा. कामटीला गाडी लागली की दहा गुण दंड, मागे घेतली की एक. क्रॉलरच्या स्पर्धाही साधारण अशाच खेळतात. भाच्याने पहिल्या दिवशी ८० गुण दंड भरला, मी १२०.

एक बरं आहे की आता दोघांनी एकत्र गाड्या चालवता येतात. पूर्वीचे रिमोट २७ मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्यांवर चालायचे, आणि दोघांचा क्रिस्टल एकच असला की तुमच्या रिमोटने माझी गाडी वळायची. आताचे २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आपापल्या गाडीशी जोडलेले असतात, दुसऱ्याचं ऐकत नाहीत. तशी ही बिनतारी खेळाची कल्पना जुनीच. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात छोटी बोट बिनतारी चालवून दाखवली होती. जपानच्या तामियाने आपली पहिली रिमोटची गाडी, १/१२ मापाची पोर्श ९३४, १९७६ मध्ये आणली.

आता आमच्याकडच्या जमिनीबद्दल. कोकणात परस असलेल्यांनी हे नीट ऐका.

पहिलं, पातेरा. सुकलेली पानं आणि काड्या चाकाच्या आतल्या दांड्याभोवती गुंडाळतात आणि मोटर तापते. दर दहा मिनिटांनी गाडी उलटी करून बघा.

दुसरं, फुरसं. चिऱ्याच्या फटीत, पातेऱ्यात ते बसलेलं असतं आणि रंगाने मातीत मिसळून जातं. गाडी उलटली की आपण धावत जाऊन हात घालतो. तसं करायचं नाही. पायात बूट हवेत, आणि आधी काठीने पातेरा हलवायचा. आमच्या भाच्याला हा नियम तोंडपाठ आहे.

तिसरं, माड. पिकलेले नारळ लागले असतील तर त्याखाली उभं राहून गाडी चालवायची नाही. नारळ उतरवून झाले की तिकडची वाट उघडायची.

चौथं, पाऊस. कोरडा चिरा टायरला छान धरतो, पण जूनअखेर त्यावर शेवाळ येतं आणि तोच चिरा साबणासारखा होतो. त्यावर चढायला मजा येते, ते वेगळं. पण गाडी वॉटरप्रूफ लिहिली असली तरी ते मुख्यतः आतल्या इलेक्ट्रॉनिक्सपुरतं असतं. बेअरिंग आणि स्क्रू गंजतातच. लाल चिखल धुवा, फडक्याने पुसा, पंख्याखाली सुकवा, बेअरिंगला तेलाचा थेंब द्या. मग आत घ्या.

आणि आता बॅटरी. हे मी दर वेळी सांगणार, कंटाळा आला तरी ऐका.

लिपो बॅटरीचा एक सेल ३.७ व्होल्टचा म्हणतात. पूर्ण भरल्यावर ४.२. त्याच्या वर न्यायचा नाही, आणि ३ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. मी ३.४ च्या आसपासच गाडी थांबवतो. दोन सेलची बॅटरी पूर्ण भरली की ८.४ व्होल्ट. गाडीच्या कंट्रोलरमध्ये लिपोची सेटिंग आहे का ते पहिल्याच दिवशी तपासा, नाहीतर तो बॅटरी संपेपर्यंत ओढत राहतो.

५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असेल तर ५ अँपिअरवर चार्ज करा, घाई नको. बॅलन्सची वायर नेहमी जोडायची, म्हणजे दोन्ही सेल सारखे भरतात. खेळून आल्यावर गरम बॅटरी लगेच लावायची नाही. आठवडाभर वापरणार नसाल तर भरून ठेवू नका, सेलला ३.८ व्होल्टवर ठेवा. बऱ्याच चार्जरमध्ये त्यासाठी वेगळं बटण असतं.

पोचा आला, फुगली, वास आला, की ती बॅटरी संपली. पैसे गेले म्हणून हळहळा, पण चार्जरला लावू नका. कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

आमच्याकडे आता चार्जिंग मागीलदारी होतं, हौदाजवळ, सिमेंटच्या कट्ट्यावर. वर पत्र्याचं छप्पर, बाजूला जळणारं काही नाही, शेजारी वाळूची बादली. आणि चार्जिंग चालू असताना मी तिथून हलत नाही. फोन आला तरी तिथेच बसून बोलतो. पडवीतला तो काळा डाग मी मुद्दाम रंगवलेला नाही.

तर ज्यांनी जागा विचारली त्यांच्यासाठी. उद्या सकाळी टेप घ्या आणि आपली जागा मोजा. लांबी मीटरमध्ये लिहा, गाडीचा वेग सेकंदाला मीटरमध्ये लिहा आणि भागाकार करा. उत्तर पाच सेकंदांच्या आत आलं तर ती गाडी तुमच्या परसाची नाही, ती मैदानावर न्या. पार्किंगवाल्यांनी १/२४ मापाचा क्रॉलर बघा. चार विटा आणि एक फळी टाकली तरी त्याला डोंगर होतो.

आणि मोजून झालं की त्या जागेत पाणी कोण घालतं, झाडलोट कोण करतं, त्या माणसाला विचारा. आमच्याकडे आई आहे. गेल्या महिन्यात मी वाट बदलत होतो, तर तिने कोपऱ्यातला एक वाफा दाखवला. म्हणाली, अळू काढून झालाय, इकडून ने. मग जरा वेळ दगडीवर बसून गाडी खोडावर चढताना बघत राहिली आणि म्हणाली, "हीच बरी. ही माणसासारखी चलता."

पुढच्या भागात तुटलेले आर्म, घासलेले गिअर, आणि कोणता स्क्रू घट्ट करताना त्याला लॉकिंगचं द्रव्य लावायचं, हे सगळं. प्रश्न असतील तर पाठवा, आणि सोबत जागेचं माप लिहायला विसरू नका. भेटू या.