उघडी सरहद्द आणि माणसांचा व्यापार



तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले. त्यांतील ‘सत्तवणिज्जा’ म्हणजे माणसांची विक्री, असा खुलासा अट्ठकथेत आहे. आपल्या संविधानाचे कलम २३ हीच बंदी घालते. तरीही हा व्यापार भारत-नेपाळ सरहद्दीवरून चालत आला आहे.

लुंबिनीला जाताना आपण सोनौलीला ही सरहद्द ओलांडतो. सुमारे १७५० किलोमीटरची ही हद्द १९५० च्या मैत्री करारापासून दोन्हीकडच्या लोकांना खुली आहे. ती बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. त्यावर गरिबांची रोजीरोटी आहे. पण दलालही त्याच वाटेने येतो, आणि शिपायाचा अधिकार मात्र हद्दीच्या खांबापाशी संपतो.

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत पोलिसांनी कुंटणखान्यांवर धाडी घालून चारशेहून अधिक मुली सोडविल्या. त्यांत नेपाळच्या मुली पुष्कळ होत्या. वर्तमानपत्रांत फोटो आले. पुढे काय? नागरिकत्वाचा पुरावा नाही म्हणून नेपाळ सरकार त्यांना घेण्यास कचरले. (विकून आणलेल्या पोरीने दाखला कुठून आणावा?) मुली महिनोन् महिने सुधारगृहात अडकल्या. अखेर जुलैमध्ये नेपाळच्या स्वयंसेवी संस्थांनी सव्वाशेवर मुलींना परत नेले. जे काम दोन सरकारांनी करायचे, ते संस्थांनी केले.

आमच्या मते खरी अडचण इथेच आहे. साक्ष देणारी मुलगी मुंबईत आणि तिला विकणारा डोंगरातल्या गावात असेल, तर एकट्या मुंबई पोलिसांचा खटला लंगडाच राहणार. प्रत्यार्पणाचा करार १९५३ पासून आहे. पण आधी नाव, पत्ता आणि जबाब पलीकडच्या ठाण्यात पोहोचला पाहिजे.

जानेवारी २००२ मध्ये काठमांडूत सार्क देशांनी या व्यापाराविरुद्ध करार केला. तपासात परस्पर मदत, प्रत्यार्पण, मुलींची घरवापसी हे सारे त्यात आहे. परंतु तो वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या विक्रीपुरताच आहे. सर्कशीत किंवा कारखान्यात राबविण्यासाठी आणलेले मूल त्यात बसत नाही, ही त्याची मोठी उणीव होय. २०१५ साली भारत-बांगलादेश यांच्यात झालेल्या समझोत्यात सुटकेबरोबर पाठवणी आणि पुनर्वसनही धरले आहे.

आपल्यातले जे विद्यार्थी पोलीस भरतीची तयारी करीत आहेत, त्यांनी हे दोन्ही करार मिळवून जरूर वाचावेत.