सत्ता, शस्त्र आणि शत्रू



पवनाकाठच्या चिंचवडला महाराष्ट्रात दोन ओळखी आहेत. एक श्री मोरया गोसावी यांच्या समाधीची आणि दुसरी चापेकर बंधूंची. गावातील चापेकर चौकातून रोज हजारो माणसे ये-जा करतात. त्या नावामागचा इतिहास केवळ शौर्याचा नाही. हाती शस्त्र आणि कायदा असलेल्या सत्तेने निःशस्त्र माणसाशी कसे वागावे आणि ज्याला शत्रू मानले त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न त्या इतिहासाने विचारलेला आहे. अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या समाजाने सुवर्ण महोत्सवाच्या मंगल प्रसंगी त्याचे चिंतन करावे, हे उचितच होय.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जैन धर्म म्हणजे शस्त्राचा सरसकट निषेध, असे अनेकांना वाटते. परंतु शास्त्रात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. बुद्धिपुरस्सर जीव घेणे ही संकल्पी हिंसा. ती श्रावकाने पूर्णतः वर्ज्य करावी. घरकामात आणि चरितार्थात होणारी हिंसा शक्य तितकी कमी करावी. स्वतःच्या, आश्रितांच्या वा देशाच्या रक्षणासाठी नाइलाजाने घडते ती विरोधी हिंसा. ती गृहस्थाला सर्वस्वी निषिद्ध नाही. श्रवणबेळगोळ येथे दहाव्या शतकात गोमटेश्वराची भव्य मूर्ती उभारणारा चामुंडराय हा गंग राज्याचा सेनापती होता. भरत आणि बाहुबली यांच्या कथेत दोन्ही सैन्ये समोरासमोर ठाकली असता मंत्र्यांनी सुचविले, की भांडण दोघा भावांचे आहे, तेव्हा दोघांनीच दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध करावे. सैनिकांचे रक्त सांडू नये. शस्त्राला मर्यादा हवी, हा विचार आपल्याकडे इतका जुना आहे.

ही मर्यादा 1897 साली पुण्यात ओलांडली गेली. आदल्या वर्षी मुंबईत शिरलेली प्लेगची साथ पुण्यात पोहोचली होती. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला व्यापक अधिकार दिले आणि शेवटच्या कलमाने सद्‌भावनेने केलेल्या कृतीबद्दल कोणावरही दावा लावण्यास मनाई केली. डब्ल्यू. सी. रँड या सनदी अधिकाऱ्याची पुण्याच्या प्लेग समितीच्या अध्यक्षपदी नेमणूक झाली. 13 मार्चपासून घरझडत्या सुरू झाल्या. त्यासाठी 893 अधिकारी आणि सैनिक नेमण्यात आले.

रुग्ण शोधावेत, त्यांना वेगळे ठेवावे, घरे निर्जंतुक करावीत, हा हेतू गैर नव्हता. परंतु बूट घातलेले शिपाई स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले, स्त्रियांची तपासणी लाजिरवाण्या रीतीने होऊ लागली, घरातील चीजवस्तू रस्त्यावर जाळल्या गेल्या, अशा तक्रारी गावभर झाल्या. परिणामी लोक आजारी माणसाला लपवू लागले. ज्या उपायाने साथ आटोक्यात यावयाची, त्या उपायाचीच लोकांना प्लेगहून अधिक धास्ती वाटू लागली.

या झडत्या सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, 10 मार्च रोजी, सावित्रीबाई फुले यांचे प्लेगने निधन झाले होते. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर उपचार केंद्र उघडले होते. तेथे एका आजारी मुलाला स्वतः उचलून नेताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला. रोग एकच, शहर एकच. एका बाजूस रुग्णाला खांद्यावर घेणारे हात होते आणि दुसऱ्या बाजूस त्याला बंदुकीच्या धाकाने घराबाहेर काढणारे हात होते. सक्ती आणि सेवा यांतील अंतर समजण्यास याहून वेगळे उदाहरण शोधावयास नको.

लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून टीका केली आणि हिंदू रुग्णांसाठी स्वतंत्र रुग्णालय उघडण्यात पुढाकार घेतला. नातू बंधूंनी अधिकाऱ्यांकडे तक्रारी नेल्या. त्यांची वेळीच दखल घेतली गेली असती, तर पुढचा इतिहास कदाचित निराळा झाला असता.

22 जून 1897 रोजी गणेशखिंडीच्या राजभवनात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यकारभाराचा हीरक महोत्सव साजरा झाला. तेथून परतणाऱ्या रँडवर दामोदर चापेकरांनी गोळी झाडली. दुसऱ्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्णांच्या गोळीने जागीच मरण पावला. रँडने 3 जुलै रोजी प्राण सोडला. सरकारने नातू बंधूंना 1827 च्या जुन्या नियमान्वये खटल्याविना स्थानबद्ध केले आणि टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. दामोदरपंतांना 18 एप्रिल 1898 रोजी येरवड्यात फाशी झाली. खबर देणाऱ्या द्रविड बंधूंना फेब्रुवारी 1899 मध्ये वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी मारले. मे 1899 मध्ये वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण पाच दिवसांच्या आत फासावर गेले. तेरा महिन्यांत एका घरातील तीन पुत्र गेले.

या त्यागापुढे नतमस्तक होतानाही विचारी श्रावकाला एक प्रश्न टाळता येत नाही. घरझडत्या 19 मे रोजीच थांबल्या होत्या. मग त्यानंतरचा वध विरोधी हिंसा म्हणावा की संकल्पी? उत्तर सोपे नाही. परंतु एवढे निश्चित, की या हिशेबाच्या वहीत पहिली नोंद सत्तेच्या नावावर आहे. जेथे तक्रारीला दरवाजा नसतो, दाद मागण्यास न्यायालय नसते आणि तक्रार करणाराच कैदेत जातो, तेथे सूड वाट शोधतो. सत्तेने प्रजेला शत्रू मानले, की प्रजाही सत्तेला शत्रू मानू लागते. आणि मग आयर्स्टसारखा, ज्याच्याशी कोणाचे वैर नव्हते, तोही मरतो.

याच वर्षी शत्रूशी वागण्याचा आणखी एक प्रकार दिसला. विलायतेत असलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे सैनिकांवर स्त्रियांवरील अत्याचाराचा आरोप जाहीरपणे केला. परत आल्यावर तो सिद्ध करता येईना, तेव्हा त्यांनी सरकारची आणि सैनिकांची जाहीर क्षमा मागितली. स्वकीयांनी त्यांना भित्रे ठरविले. परंतु परक्या शिपायावरही अप्रमाणित आरोप ठेवू नये, हे सत्यव्रत त्यांनी पाळले. पर्युषणात आपण क्षमापना करतो ती बहुधा आप्तेष्टांशी. प्रतिपक्षाशी केलेली क्षमापना किती जड असते, हे गोखल्यांनी दाखविले.

आज काळ बदलला आहे. 1971 च्या युद्धानंतर शरण आलेले सुमारे 93,000 युद्धकैदी भारताने सांभाळून परत पाठविले. अटक केलेल्या माणसाच्या नातलगांना कळविणे, त्याची वैद्यकीय तपासणी करणे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये बंधनकारक केले. पिंपरी-चिंचवडला 15 ऑगस्ट 2018 पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या साथीत तोच 1897 चा कायदा याच शहरात लागू झाला. त्या काळात राज्यात काही ठिकाणी लाठी अकारण उगारली गेली. तसेच कर्तव्य बजावताना अनेक पोलिसांनी प्राणही गमावले. कायदा एकच असतो. तो वापरणाऱ्याच्या मनात समोरच्याविषयी काय आहे, त्यावर त्याचे फळ ठरते.

गणेशखिंडीचे ते राजभवन आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे आणि 2014 पासून विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. सत्तेचा उत्सव विसरला गेला. रुग्णाला खांद्यावर घेणारी माता राहिली. व्यापारात असो, संस्थेत असो वा शासनात, ज्याच्या हाती थोडाही अधिकार आहे त्याने समोरच्याच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवताना हे स्मरावे, आणि तक्रार घेऊन येणाऱ्यासाठी आपले दार उघडे ठेवावे, हीच या प्रसंगी नम्र विनंती.

जय जिनेंद्र!