झावळ वेळेवर गळू दे

गेल्या महिन्यात बचत गटाची बैठक आटपली आणि एका काकींनी मला बाजूला घेतलं. गालाच्या आत पांढरा चट्टा, चार महिन्यांपासून. मी विचारलं, दाखवलात का? म्हणाल्या, "दुखत नाय गो, मगे डाक्टराक कित्याक दाखवू?" काकी पंचवीस वर्षं मिसरी लावतात.

चट्ट्यात नेमकं काय बिघडतं, ते मी त्यानंतर वाचलं. तेच आज सांगते.

माडाची जुनी झावळ सुकली की आपणहून गळते. शरीरातही बिघडलेली पेशी स्वतःला संपवते. पोटातल्या बाळाची बोटं आधी पडद्याने जोडलेली असतात. मधल्या पेशी मरतात, तेव्हा ती सुटी होतात.

हे काम घडवणाऱ्या प्रथिनांपैकी एक 'डायब्लो'. ते बनवणारं जनुक आपल्या बाराव्या गुणसूत्रावर असतं. २००० साली अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते वेगवेगळं शोधलं. एरवी हे प्रथिन पेशीच्या वीजघरात, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, कोंडलेलं असतं. पेशी फार बिघडली की बाहेर येतं. पेशी संपवणाऱ्या कात्र्या पहारेकरी प्रथिनांनी धरून ठेवलेल्या असतात; डायब्लो त्यांची पकड सोडवतं.

मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती रोज लावली की तोंडातल्या पेशींची जनुकं बिघडत जातात. त्यातून कर्करोग झाला, तर त्या पेशी मरायचं टाळतात. अनेक कर्करोगांत पहारेकरीच वाढलेले असतात. सुकलेली झावळ गळतच नाही.

डायब्लोची नक्कल करणारं एक औषध घशाच्या कर्करोगावर तपासलं गेलं. मोठ्या चाचणीत फायदा दिसेना, म्हणून २०२४ मध्ये ती थांबवली. तेव्हा नव्या औषधाची वाट बघत बसू नका. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही असलं तर दुखण्याची वाट न बघता दाखवा. तिशीनंतर तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते.

काकींना मी घेऊन गेले. तुकडा तपासला. कर्करोग नव्हता, पण मिसरी सोडा आणि पुन्हा दाखवायला या, असं डॉक्टरांनी बजावलं. पुढच्या बैठकीत काकींनी मिसरीची डबी सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली. तुमची डबी कुठे आहे गो?