लांबलचक तक्ता आणि साधा मोबाईल
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



प्रवेशाची यादी संकेतस्थळावर लागते. घरातल्या एकुलत्या एका साध्या मोबाईलवर मुलगी ती उघडू पाहते, पण पडदा पांढराच राहतो. वडील म्हणतात, "मोबाईल जुना झाला, आता नवा घ्यावा लागणार." माझे म्हणणे असे की, पुष्कळदा दोष मोबाईलचा नसून यादी मांडणाऱ्याचा असतो. तो कसा उत्पन्न होतो व कसा दूर करावा, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

प्रथम हिशेब मांडू. समजा, यादीत २०,००० नावे आहेत व प्रत्येक नावापुढे ८ रकाने. म्हणजे १,६०,००० घरे झाली. ओळी धरल्या तर १,८०,००० घटक. ब्राउझर यातील प्रत्येक घटक स्मृतीत उभा करतो, त्याचे रूप ठरवतो व जागा मोजतो. वहीत आपण रकाने आधी आखतो आणि मग लिहितो. ब्राउझरची नेहमीची रीत याच्या उलट आहे. तो घरांतील मजकूर पाहून रकान्याची रुंदी ठरवतो. त्यामुळे शेवटच्या ओळीतील एखादे लांब नावही वरची सारी मांडणी हलवू शकते. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल, तर प्रत्येक वेळी हाती जेमतेम १६.७ मिलिसेकंद असतात. तेवढ्यात काम उरकले नाही की यादी अडखळते.

आता उपाय पाहू. पहिला प्रश्न असा की, वाचणाऱ्याला संपूर्ण यादी हवी आहे काय? विद्यार्थ्याला बहुधा स्वतःची एकच ओळ हवी असते. बैठक क्रमांक विचारून तेवढीच ओळ पाठवावी. माहितीच्या कोठारात त्या क्रमांकाची सूची केलेली असली, तर ती ओळ चटकन सापडते. शिवाय इतरांचे गुण विनाकारण घरोघर जात नाहीत.

यादी चाळावयाचीच असेल, तर ५०-५० ओळींची पाने करावीत. सलग यादीच हवी असेल, तर डोळ्यांसमोरच्या १५-२० ओळी व त्यांच्या वरखालच्या थोड्याच प्रत्यक्ष तयार कराव्यात. बाकीच्यांची फक्त उंची राखून ठेवावी. बोट सरकेल तशा ओळी बदलत जातात. मात्र या युक्तीत एक उणीव आहे. न बनवलेल्या ओळी ब्राउझरच्या शोधात सापडत नाहीत, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनावर विसंबलेल्या अंध वाचकाला एकूण ओळी किती हे कळत नाही. म्हणून शोधाची स्वतंत्र सोय द्यावी व एकूण ओळींची संख्या आणि प्रत्येक ओळीचा क्रमांक त्या साधनाला कळेल असा लिहावा.

रकान्यांची रुंदी आधीच ठरवून द्यावी. १९९८ च्या सीएसएस २ मध्ये 'टेबल-लेआउट: फिक्स्ड' ही सोय आली, तिच्यामुळे ब्राउझरला सर्व घरे तपासत बसावे लागत नाही. तसेच एक ओळ घालून लगेच उंची मोजणे, पुन्हा ओळ घालणे, पुन्हा मोजणे, असे करू नये. प्रत्येक मोजणीला मांडणी नव्याने करावी लागते. ओळी एकदम घालाव्यात व मग एकदाच मोजावे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काहीजण उद्या अशी पाने बनवतील. कार्यालयातील वेगवान संगणकावर सारेच सुरळीत दिसते. म्हणून काम झाल्यावर ते सर्वांत स्वस्त मोबाईलवर आणि खऱ्या संख्येच्या ओळी घालून तपासा. दहा ओळींच्या नमुन्यावर काहीच कळत नाही. आणि पालकांना माझी विनंती आहे की, यादी उघडली नाही म्हणून लगेच कर्ज काढून नवा मोबाईल घेऊ नका. आधी दुसरी संकेतस्थळे उघडून पाहा. ती नीट चालत असतील, तर अडचण बहुधा त्या यादीची आहे. तशी लेखी तक्रार द्या, आणि यादीची छापील प्रत पाहावयास मागा.