एका शिलिंगाची बाग

(रेडिओवरील भाषण)



आपल्या छत्तीसगडातल्या भिलाईहून समुद्र गाठायचा तर पुरी, नाहीतर विशाखापट्टणम. रात्रभराची गाडी. आमच्या गल्लीतल्या कित्येक पोरांनी समुद्र अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही. तरीही आज समुद्राकाठच्या एका चिमुकल्या बागेबद्दल बोलायचं आहे, तेही दूर इंग्लंडातल्या. त्या बागेनं जे केलं ते करायला समुद्र लागत नाही, म्हणूनच ते भिलाईत बसून सांगावंसं वाटतं.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ससेक्समध्ये, सीफर्ड नावाचं गाव आहे आणि त्याला लागूनच बिशपस्टोन. तिथं एका साध्या घराच्या मागं ‘ड्रिफ्टवुड’ नावाची बाग आहे. ना राजवाड्याची, ना जहागीरदाराची. घरामागचा उताराचा एक तुकडा, बस्स. पण त्यात रोपांची दाटी, कुंड्याच कुंड्या, गंजलेलं लोखंड, लाटांबरोबर वाहून आलेली लाकडं, आणि झाडांच्या मधून दिसणारी समुद्राची निळी पट्टी. या बागेचं फाटक बरीच वर्षं उन्हाळ्यातल्या ठरलेल्या दिवशी लोकांसाठी उघडलं गेलं. येणाऱ्यानं तिकीट काढायचं, हिंडायचं, अंगणात बसून चहा आणि घरचा केक घ्यायचा. तो सगळा पैसा कर्करोगाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेला आणि तशाच इतर कामांना जायचा. एवढ्याशा जागेतून एक लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली. एका घरच्या परसानं हे केलं, हे आधी नीट मनात धरा.

ही बाग काही एकटीदुकटी नाही. तिच्यामागं एक जुनी व्यवस्था उभी आहे, नॅशनल गार्डन स्कीम या नावाची, आणि तिचा उगम बागेत नाही, आजारपणात आहे.

1859 साली लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याची पत्नी दुखण्यानं अंथरुणाला खिळली. तिच्या शेवटच्या दिवसांत मेरी रॉबिन्सन नावाच्या परिचारिकेनं तिची घरी राहून सेवा केली. पत्नी गेली. रॅथबोनच्या मनात आलं, माझ्या घरी पैसा होता म्हणून हिला इतका आराम मिळाला. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्या घरी काय होत असेल? त्यानं मेरीबाईंना तीन महिन्यांचा पगार देऊन लिव्हरपूलच्या गरीब वस्तीत घरोघरी रुग्ण पाहायला पाठवलं. थोड्याच दिवसांत त्या रडत परत आल्या. तिथले हाल पाहवत नाहीत, मला यातून मोकळं करा, म्हणाल्या. रॅथबोननं त्यांना धीर दिला आणि त्या पुन्हा गेल्या. मुदत संपली तेव्हा त्यांनी स्वतःहून सांगितलं की आता हेच काम करायचं. घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची, ज्यांना तिकडे डिस्ट्रिक्ट नर्स म्हणतात त्यांची, परंपरा तिथून सुरू झाली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी तिला सल्ल्याचा आधार दिला. पुढं 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षं झाली, तेव्हा जमलेल्या निधीतून या परिचारिकांच्या शिक्षणासाठी संस्था निघाली.

मेरीबाईंचं ते रडत परत येणं मला फार महत्त्वाचं वाटतं. सेवा करणाऱ्या माणसालाही कुणीतरी सावरावं लागतं, पगार द्यावा लागतो, म्हातारपणी सांभाळावं लागतं. नेमका हाच प्रश्न 1926 साली त्या संस्थेपुढं आला. नव्या परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी आणि निवृत्त झालेल्यांच्या निर्वाहासाठी पैसा हवा होता. संस्थेच्या कार्यकारिणीत एल्सी वॅग नावाच्या बाई होत्या. त्यांनी सुचवलं, आपल्याकडे एवढ्या सुंदर बागा आहेत आणि त्या फक्त मालकांचे पाहुणे पाहतात. एक शिलिंग घेऊन त्या सगळ्यांना का दाखवू नयेत?

1927 साली 609 बागा उघडल्या. जमले 8,191 पौंड. तेव्हा एका पौंडाचे वीस शिलिंग होत, म्हणजे ही रक्कम दीड लाखाहून अधिक शिलिंगांची झाली. त्यातलं प्रत्येक शिलिंग कुणीतरी हातात धरून फाटकापाशी दिलं असेल. मोठ्या देणगीदाराच्या धनादेशाला मी कमी लेखत नाही. पण जिथं दीड लाख वेळा कुणाचा ना कुणाचा हात खिशात गेला, त्या कामाची मुळं गावागावांत रुजतात. चारच वर्षांत बागांची संख्या हजाराच्या वर गेली. त्यांची यादी पुस्तकरूपानं छापली जाऊ लागली, आणि तिच्या पिवळ्या मुखपृष्ठामुळं लोक तिला पिवळं पुस्तकच म्हणू लागले. 1948 साली ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा आली आणि घरोघरच्या शुश्रूषेचा भार सरकारनं उचलला. तेव्हा ही योजना गुंडाळली गेली असती तर कुणी नवल केलं नसतं. ती टिकली, कारण निवृत्त परिचारिका होत्याच, नव्यांचं शिक्षण होतंच. आज सुमारे साडेतीन हजार बागा या योजनेत आहेत आणि त्यांचा पैसा कर्करोगाच्या परिचारिकांना, मरणासन्न रुग्णांच्या सेवेला, घरातल्या आजारी माणसाला वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्यांच्या मदतीला जातो.

या योजनेतला एक संकेत मला विशेष आवडतो. बाग किती मोठी आहे हे तिथं विचारत नाहीत. पाहुणा पाऊण तास रमेल का, एवढंच पाहतात. त्या भागातले स्वयंसेवक घरी येतात, बाग बघतात, मालकांशी बोलतात. एखाद्याची बाग फारच लहान असेल तर गल्लीतली चार-सहा घरं मिळून एकाच दिवशी फाटकं उघडतात, तिकीट एकच. पाहुणे या अंगणातून त्या अंगणात हिंडतात.

आता समुद्राकडे येते, कारण त्या काठावर बाग करणं किती कठीण असतं ते कळल्याशिवाय ड्रिफ्टवुडची किंमत कळायची नाही. खारा वारा पानाच्या कडा जाळतो. कोवळा शेंडा सकाळी हिरवा असतो, वादळ होऊन गेलं की तपकिरी पडून चुरचुरतो. नवख्या माणसाला वाटतं, भिंत बांधली की झालं. पण भरीव भिंतीला वारा धडकतो, वरून उसळतो आणि आतल्या बाजूला भोवरे करून अधिकच नासधूस करतो. त्यापेक्षा फटी असलेली पट्ट्यांची ताटी किंवा झाडांचं कुंपण चांगलं. ते वाऱ्याला अडवत नाही, गाळून घेतं. त्याचा जोर मोडतो आणि कुंपणाच्या उंचीच्या कितीतरी पट अंतरापर्यंत निवारा मिळतो. आपल्या कोकणात लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पुळणीवर सुरूची रांग, खाली वाळू धरून ठेवणारी मर्यादावेल, कडेला केवडा आणि उंडी, आणि त्यांच्या आडोशाला नारळी-पोफळीची वाडी. आणि झाडंही तशीच निवडावी लागतात. किनाऱ्यावर तग धरणाऱ्या झाडांची पानं बहुधा जाड, लवदार, रुपेरी किंवा मेणचट असतात. तो त्यांचा पाणी जपण्याचा मार्ग.

मी हे ऐकते, वाचते, तेव्हा मला आपला वैशाख आठवतो. आपल्याकडे मीठ नाही, पण लू आहे. दुपारी बारा ते चार ती वाहू लागली की जास्वंदीची पानं वळतात आणि कुंडीतली माती कडेनं सुटते. छत्तीसगडात मातीचे चार प्रकार सांगतात: कन्हार, डोरसा, मटासी आणि भाटा. पहिल्या तिघींत काहीतरी पिकतं. भाटा म्हणजे तांबडी, खडेगोट्यांची, मुरमाड जमीन, पाणी न धरणारी. घर बांधून झाल्यावर अंगणात तीच उरली असेल तर माणसाचा हात खचतो. पण वरून शेणखत आणि पालापाचोळा घालत राहिलं, पश्चिमेला हिरवी जाळी किंवा शेवग्याची रांग लावली, की तीच जागा बोगनवेल, कण्हेर, सदाफुली, कोरफड, मोगरा सगळं पोसते. इथल्या गावकऱ्यांची घरामागची बारी पाहा. तोंडल्याचा मांडव, भोपळ्याचा वेल, चार वांगी, कडेला झेंडू. त्या बाऱ्यांमध्ये पाऊण तास रमण्यासारखं पुष्कळ आहे.

इंग्लंडच्याच किनाऱ्यावर, केंट परगण्यात, डंजनेस इथं आणखी एक बाग आहे. तिचा उल्लेख टाळवत नाही. डेरेक जार्मन या चित्रपट दिग्दर्शकानं 1986 साली तिथं कोळ्याची लाकडी झोपडी घेतली. समोर सगळी गारगोट्यांची पुळण, मागं अणुवीज केंद्र. त्याच सुमारास त्याला एचआयव्हीची बाधा झाल्याचं निदान झालं. त्या आजाराला तेव्हा धड औषध नव्हतं. 1994 मध्ये तो गेला तोपर्यंत त्यानं त्या गोट्यांमध्ये बाग फुलवली होती. तिला कुंपणच नाही. बागेची हद्द क्षितिजापर्यंत, असं त्याचं म्हणणं होतं. 2020 साली ती विकली जाण्याची वेळ आली, तेव्हा लोकांनी साडेतीन दशलक्ष पौंड जमवून ती वाचवली. सीफर्डला बाग लोकांसाठी उभी राहिली आणि डंजनेसला लोक बागेसाठी. माझ्या मनात या दोन्ही गोष्टी जवळजवळच्या आहेत.

आता आपल्याकडे. घरी येऊन आजाऱ्याला पाहणारं कुणीतरी हवं, ही गरज इंग्लंडपुरती नाही. आपल्या छत्तीसगडात 2002 पासून मितानिन आहेत. वस्तीतल्याच बायका, वस्तीनंच निवडलेल्या, दारोदार जाऊन बाळंतिणीची, तापाच्या मुलाची, क्षयाच्या रुग्णाची विचारपूस करणाऱ्या. देशभरात 2005 नंतर ज्या आशाताई आल्या, त्यांच्या आधी या होत्या. आज त्या साठ हजारांहून अधिक आहेत. केरळात कोळिक्कोडला 1993 पासून वेदनाशमनाचं काम सुरू झालं आणि पुढं तिथल्या गावागावांत शेजाऱ्यांच्या लहान लहान देणग्यांवर ते पसरलं. मुंबईत वांद्र्याला, माउंट मेरीच्या टेकडीवर, 1986 पासून शांती आवेदना सदन आहे. कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णांना तिथं पैसे न घेता सांभाळतात. आपल्या देशातलं असं ते पहिलं घर, आणि तेही समुद्राच्या दिशेला तोंड करून.

म्हणजे सेवा करणारी माणसं आहेत, आणि बागाही आहेत. भिलाईत तर आहेतच. 1959 च्या फेब्रुवारीत इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. तिच्याभोवती जी टाउनशिप वसवली, तिच्यात प्रत्येक क्वार्टरला आगेमागे मोकळी जागा ठेवली. विदर्भातून नोकरीसाठी आलेल्या आपल्या मराठी घरांनी त्या जागेत पारिजातक, गवती चहा, अळू लावलं. केरळी शेजाऱ्यानं केळ लावली, बंगाल्यानं डेलिया आणि छत्तीसगडी शेजाऱ्यानं मुनगा, म्हणजे शेवगा. इथल्या मैत्रीबाग उद्यानात फुलांचं प्रदर्शन भरतं तेव्हा याच अंगणातल्या कुंड्या तिथं जातात. पण प्रदर्शनात कुंडी एकटी असते. तिला वाढवणारा वाफा, रोज पाणी घालणारी आजी, सावली देणारा आंबा, हे सगळं मागं घरीच राहतं. ते पाहायला घरीच जावं लागतं.

म्हणून माझी एक विनंती आहे. येत्या जानेवारीच्या अखेरीस, पिटुनिया, झेंडू आणि गुलाब भरात असतील तेव्हा, एखाद्या रविवारी आपण दुपारी दोन ते पाच एवढा वेळ फाटकं उघडू. एकट्यानं नको, एका गल्लीतल्या पाच घरांनी मिळून. तिकीट वीस रुपये, मुलांना काही नाही. चहा आणि कांदापोहे वेगळे. ज्यांच्याकडे जास्तीची रोपं आहेत त्यांनी ती काळ्या पिशव्यांत लावून विकायला ठेवावीत; कण्हेरीचं रोप असेल तर ती विषारी आहे हे पिशवीवर लिहावं. व्हीलचेअर आत येईल का, हे आधी तपासावं. ज्यांना अंथरुणावरून उठता येत नाही त्यांच्याकडे संध्याकाळी ओंजळभर झेंडू किंवा दोन गुलाब पोचवायची जबाबदारी मुलांवर द्यावी. मुलं ती आनंदानं घेतात.

पैशाबाबत कडक राहावं. कुणासाठी जमवतो आहोत ते फाटकावर मोठ्या अक्षरात आधीच लिहावं. संस्था नोंदणीकृत असावी, पावती देणारी असावी. आपल्याच वॉर्डातल्या मितानिनना काय हवं, हे त्यांना विचारून ठरवलं तर सर्वांत उत्तम. कदाचित त्या चाकाची खुर्ची मागतील, कदाचित घरोघर फिरवता येईल असा पाठ टेकायचा पलंग, कदाचित नुसता एक चांगला रक्तदाबमापक. पैशांचा डबा संध्याकाळी पाचही घरांच्या समोर उघडावा, रक्कम मोजून वहीत लिहावी, वहीवर पाचही सह्या घ्याव्यात आणि सोमवारी पैसे पोचते करून पावती त्याच फाटकावर लावावी. नोव्हेंबर लागला की रोपं तयार करायला घ्यावी लागतील. पिटुनियाचं बी फार बारीक असतं, ते मातीत पुरू नका; वाळूत मिसळून वरच्या वर भुरभुरा आणि झारीऐवजी फवाऱ्यानं पाणी द्या.